प्रहार शिकवणाऱ्याला प्राणही वाचवता यायला हवेत

परदेशातील मराठी कुटुंबांचा शनिवार-रविवार आता बराचसा ठरून गेलेला असतो. सकाळी मराठी शाळा, दुपारी तबला किंवा गणित आणि संध्याकाळी कराटे, ज्यूदो, तायक्वांदो वा ब्राझिलियन जुजुत्सूचा वर्ग. अलीकडे मुलांना सोडायला जाणारे आईवडीलही स्वतः पांढरा पट्टा बांधून मॅटवर उतरू लागले आहेत. वर्ग निवडताना आपण शुल्क, अंतर, शिक्षकाच्या पट्ट्याची श्रेणी आणि परीक्षांचे वेळापत्रक यांची कसून चौकशी करतो. मात्र सरावात एखादे मूल निपचित पडले तर पहिल्या तीन मिनिटांत शिक्षक काय करील, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हे वर्ग धोकादायक आहेत, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. तेथील बहुतेक दुखापती मुरगळणे, खरचटणे, बोट दुखावणे यांपलीकडे जात नाहीत. परंतु गळा आवळणे, उचलून आपटणे आणि छातीवर वा डोक्यावर प्रहार करणे या गोष्टी जेथे नियमाने शिकवल्या जातात, तेथे क्वचित घडणाऱ्या गंभीर प्रसंगाची तयारी असणे हा त्या विद्येचाच भाग मानायला हवा. आशियातील जुन्या परंपरा तो तसा मानतही असत.

मारणे आणि सावरणे : एकाच विद्येची दोन अंगे

केरळमधील कळरीपयट्टूच्या परंपरेत गुरुक्कल केवळ तलवार आणि काठी शिकवत नाही. मर्मस्थानांचे ज्ञान आणि मर्मचिकित्सा हाही त्याच्या विद्येचा भाग असतो. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. कोठे मारल्यास जीव जाईल हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तेथील इजा कशी सावरावी हेही ठाऊक असावे, असा त्यामागील विचार. आपल्याकडील तालमीतही वस्तादाला कुस्तीच्या डावपेचांइतकीच उतरलेला खांदा आणि लचकलेली मान यांची जाण असावी, अशी अपेक्षा असे.

जपानी परंपरेत या विचाराला स्वतंत्र नावे आहेत : ‘साप्पो’ म्हणजे मारण्याची पद्धत आणि ‘काप्पो’ किंवा ‘कात्सू’ म्हणजे शुद्धीवर आणण्याची पद्धत. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ज्यूदोची स्थापना केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतील काप्पोही त्यांच्या परंपरेत आले. ही तंत्रे काळा पट्टा मिळवलेल्यांनाच शिकवली जात. बेशुद्ध खेळाडूला बसते करायचे, मागे गुडघा टेकून त्याच्या पाठीला आधार द्यायचा, दोन्ही हातांनी छाती मागे खेचून फासळ्या उघडायच्या आणि त्याच वेळी मोठ्याने हाक द्यायची, हा त्यातील एक प्रसिद्ध प्रकार. खेळाडू बहुधा काही क्षणांत डोळे उघडत असे, आणि पाहणाऱ्यांना गुरूने त्याला मृत्यूच्या दारातून परत आणले असे वाटे.

कात्सूने शुद्ध का येत असे?

ज्यूदोतील ‘शिमे-वाझा’, म्हणजे गळा आवळण्याचे डाव, नीट लावले तर श्वासनलिकेवर नव्हे, तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्यांवर दाब देतात. मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. पकड सुटताच प्रवाह पूर्ववत होतो आणि निरोगी माणूस सहसा दहा ते वीस सेकंदांत आपोआप भानावर येतो. मधल्या काळात हातपाय झटके देऊ शकतात, डोळे फिरू शकतात. दृश्य भयावह असले तरी हृदय चालू असते.

यावरून काप्पोच्या ख्यातीचा उलगडा होतो. गुरूने काही केले नसते तरी खेळाडू तेवढ्याच वेळात शुद्धीवर आला असता. पकड ताबडतोब सोडणे आणि त्याला आडवे ठेवणे हाच खरा उपचार होता. बेशुद्ध माणसाला बसते करणे तर उलट गैरसोयीचे आहे, कारण आडव्या स्थितीत मेंदूला रक्त मिळणे सोपे असते. पाय किंचित वर उचलले तरी पुरे.

खरा धोका यापुढचा आहे. दहा वेळा काप्पोने ‘यश’ पाहिलेला शिक्षक अकराव्या वेळी, जेव्हा हृदयच थांबलेले असते तेव्हाही, पाठीवर थाप मारत, हाका देत, तोंडावर पाणी शिंपडत राहतो. प्रत्येक बेशुद्धी सारखीच दिसते असे त्याला वाटते, आणि याच समजुतीत मोलाची मिनिटे निघून जातात. म्हणून आजच्या शिक्षकाने पहिली गोष्ट शिकायची ती वेळ मोजण्याची. पकड सुटल्यावर वीस सेकंदांत माणूस भानावर आला नाही, किंवा गळा आवळलेला नसतानाच तो कोसळला, तर ती साधी मूर्च्छा नाही असे समजून पुढची पावले उचलायला हवीत.

छातीवरचा आघात

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलो बिल्स संघाचा डॅमार हॅमलिन एका साध्या टक्करीनंतर उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी कोसळला. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब देण्यात आले, विजेचा धक्का देण्यात आला. तो वाचला आणि पुन्हा खेळूही लागला. त्याच्या बाबतीत डॉक्टरांनी जे निदान केले त्याला ‘कमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याची विद्युतरचना पुन्हा सज्ज होत असते. त्या प्रक्रियेत सेकंदाच्या काही शतांश भागाइतका एक नाजूक क्षण असतो. नेमक्या त्याच क्षणी छातीच्या डाव्या भागावर, हृदयाच्या वर, बोथट मार बसला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलणे थांबते. हाड मोडलेले नसते, हृदयात पूर्वीचा दोष नसतो, मारही फारसा जोरदार नसतो. हे प्रामुख्याने किशोरवयीन मुलांत घडते, कारण त्यांच्या छातीचा पिंजरा लवचीक असतो. बेसबॉलचा चेंडू हे अमेरिकेतील सर्वांत परिचित कारण असले, तरी कराटेतील ठोसा आणि लाथ यांमुळे घडलेल्या घटनांचीही नोंद आहे. छातीरक्षक घातलेल्या खेळाडूंतही हे घडले आहे. म्हणून केवळ त्यावर विसंबून चालत नाही.

यावर एकच प्रभावी उपाय आहे : लगेच छातीवर दाब देणे आणि शक्य तितक्या लवकर एईडी, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, लावणे. असे काही न केल्यास विजेचा धक्का मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराबरोबर वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पूर्वी या आघातातून फार थोडे वाचत. तत्पर सीपीआर आणि एईडी यांच्या प्रसारानंतर अमेरिकेतील नोंदींमध्ये वाचणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत पोहोचले आहे. आघात तोच आहे. बदल झाला तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तयारीत.

डोक्यावरचा आघात

ज्यूदोच्या मायदेशातून मिळालेला धडा अधिक कटू आहे. जपानमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांतील ज्यूदोमध्ये शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला अनिवार्य होणार, हे ठरल्यावर या आकड्यांची देशभर चर्चा झाली. मृतांत नवशिक्यांचे प्रमाण मोठे होते आणि डोक्याची इजा हे प्रमुख कारण होते. ‘ओसोतो-गारी’सारख्या मागे पाडणाऱ्या डावात, पडण्याचे तंत्र पक्के न झालेल्या मुलाचे डोके जोरात मागे झटकले जाते. डोके जमिनीवर आपटले नाही तरी त्या झटक्याने मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरा फाटून रक्तस्राव होऊ शकतो. पुढे जपानी ज्यूदो महासंघाने सुरक्षेचे नियम कडक केले आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले.

कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याच्या, बाबतीत शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेली नजर, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, तोल जाणे, यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. अशा मुलाला त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरवायचे नाही, ते स्वतः ‘मी ठीक आहे’ म्हणत असले तरी. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी बसलेला दुसरा मार प्राणघातक ठरू शकतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सर्वसामान्य खेळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा खेळाडूने किमान २१ दिवस स्पर्धेत उतरू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके किंवा गुंगी दिसल्यास वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकाला नेमके काय यायला हवे?

कोसळलेल्या विद्यार्थ्याच्या खांद्यांना हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करावा आणि फार तर दहा सेकंद श्वास पाहावा. येथे एक फसवी गोष्ट असते : हृदय थांबल्यानंतरही काही काळ माणूस मासोळीसारखे आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो. तो श्वास नव्हे. त्याला श्वास समजून थांबणे ही नेहमी होणारी चूक आहे. सुरुवातीचे झटके पाहून फिट आली असे समजणे ही दुसरी.

सामान्य श्वास नसेल तर एकाला आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला आणि दुसऱ्याला एईडी आणायला नाव घेऊन सांगावे. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले की सहसा कोणीच करत नाही. अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, संयुक्त अरब अमिरातींत रुग्णवाहिकेसाठी ९९८, ऑस्ट्रेलियात ०००. फोन स्पीकरवर ठेवल्यास पलीकडची व्यक्ती सूचनाही देते.

त्यानंतर छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. प्रौढाच्या बाबतीत खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मुलाच्या बाबतीत छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. प्रशिक्षण झालेले असल्यास ३० दाबांमागे दोन कृत्रिम श्वास द्यावेत. मुलांमध्ये श्वासांना विशेष महत्त्व आहे. मॅट फार मऊ असेल तर दाब वाया जातो, म्हणून शक्य असल्यास टणक पृष्ठभाग पाहावा, पण त्यासाठी वेळ दवडू नये. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर माणसाला विनाकारण हलवू नये. मात्र श्वासच नसेल तर सीपीआरला प्राधान्य असते. एईडी आल्यावर ते सुरू करून त्याच्या आवाजी सूचना पाळाव्यात. गरज नसेल तर ते यंत्र धक्का देतच नाही, त्यामुळे ‘चुकून इजा होईल’ ही भीती अनाठायी आहे.

छोट्या प्रसंगांचीही माहिती असावी. पोटात ठोसा बसून श्वास अडकला तर पाठ बडवू नये. गुडघे जवळ घेऊन शांत ठेवल्यास श्वासपटलाची आकडी थोड्याच वेळात सुटते. कायमचा दात निखळला तर तो मुळाला न धरता वरच्या भागाने उचलून, शक्यतो जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावे.

कायदा आणि जबाबदारी

मदत करताना काही चुकले तर खटला होईल, ही भीती परदेशात अनेकांना मागे खेचते. अमेरिकेतील सर्व राज्यांत सद्हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे कायदे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ चा कायदा न्यायालयाला मदतकर्त्याच्या सद्हेतूची दखल घ्यायला लावतो. परंतु वाटसरू आणि शिक्षक यांच्यात फरक आहे. शुल्क घेऊन मूल ताब्यात घेतलेल्या शिक्षकावर काळजी घेण्याचे कर्तव्य आधीपासूनच असते, त्यामुळे त्याने केवळ या संरक्षणावर विसंबू नये. अमेरिकेत २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कन्कशनविषयी कायदा केला आणि पुढे सर्व राज्यांनी तसे कायदे केले. मात्र त्यांचा भर शालेय खेळांवर आहे आणि खासगी वर्ग अनेक ठिकाणी त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे दक्षता घेण्याचे काम शिक्षकाइतकेच पालकांवर येते.

पालकांनी विचारावेत असे प्रश्न

प्रत्येक वर्गाच्या वेळी प्रथमोपचार आणि सीपीआरचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती हजर असते का, आणि तिचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे आहे का? सर्वांत जवळचा एईडी कोठे आहे, आणि संध्याकाळी त्या खोलीला कुलूप तर नसते ना? डोक्याला मार लागलेल्या मुलाबाबत वर्गाचा लिखित नियम काय आहे? नवशिक्यांना पडण्याचे तंत्र पक्के झाल्याशिवाय आपटण्याचे डाव शिकवले जातात का? दमा, ॲलर्जी, हृदयविकार यांची नोंद आणि पालकांचे क्रमांक हाताशी असतात का?

चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही; बहुधा त्याची उत्तरे तयार असतात. तयार नसतील तर त्याला मदत करता येईल. आपल्यापैकी अनेकांनी कार्यालयात सीपीआरचे प्रशिक्षण घेतलेले असते. काही तर डॉक्टर वा परिचारिका असतात. वर्गातील पालकांनी मिळून एक प्रशिक्षण सत्र ठरवणे किंवा एईडीसाठी वर्गणी काढणे अवघड नाही. महाराष्ट्र मंडळाच्या ज्या सभागृहात लेझीम, मल्लखांब वा ढोलताशांचा सराव चालतो, तेथेही हेच प्रश्न लागू पडतात. पुढच्या वेळी मुलाला वर्गाला सोडताना पाच मिनिटे लवकर जावे आणि एईडीची पेटी कोणत्या भिंतीवर आहे तेवढे पाहून ठेवावे.