बंद पडलेली नाही, बंद झालेली!

सेकंड हॅण्ड गाडी घेतेय म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. कितीला आणि कितवा मालक? पण गाडीचं नाव टाटा हेक्सा आहे असं सांगा, की तिसराच प्रश्न येतो, तोही भुवया उंचावून : "अगं, ती बंद झाली ना?"

हो, झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्सचे नियम लागू झाले आणि त्या नियमांत बसणारी २.२ लिटर डिझेल इंजिनची हेक्सा कंपनीने विक्रीला आणलीच नाही. जेमतेम तीन वर्षांचं आयुष्य! जानेवारी २०१७ मध्ये आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत ११.९९ लाखांपासून १७.४९ लाखांपर्यंत होती. खालचा सांगाडा २०१० च्या 'आरिया'चा. आरिया बिचारी चाललीच नाही, पण त्याच पायावर उभी केलेली हेक्सा दिसायला झकास निघाली. २०२० च्या फेब्रुवारीत ऑटो एक्स्पोमध्ये तिची बीएस-सिक्स 'सफारी एडिशन' मांडली होती. आता येईल, मग येईल करत ती आलीच नाही. २०२१ मध्ये सफारी हे नाव दुसऱ्याच गाडीला मिळालं.

आता मला ही मोठी, बंद झालेली गाडी कशाला हवी? आमच्या घरी सहा माणसं. सासू-सासरे, माझी आई, नवरा, मी आणि सात वर्षांची लेक. दारात आहे हॅचबॅक. कुठेही जायचं ठरलं की एक जण मागे राहतो आणि तो 'एक जण' दरवेळी आईच असते. "मला प्रवास झेपत नाही गं" हे तिचं ठरलेलं वाक्य. चुलतभावाच्या मोठ्या गाडीत जागा असते तेव्हा मात्र तिला कोल्हापूरपर्यंत मस्त झेपतो!

नवऱ्याने रीतसर एक्सेल शीट केली. (इंजिनीअर माणूस, दुसरं काय करणार?) गेल्या वर्षभरात सहाही जणांनी एकत्र जायला हवं होतं असे दिवस किती? तेवीस. तेवीस दिवसांसाठी विमा, सर्व्हिसिंग, टायर असा सगळा पसारा पोसायचा, की गरज पडेल तेव्हा इनोव्हा भाड्याने आणायची? शीट सरळसरळ भाड्याच्या बाजूने आहे. पण भाड्याची गाडी आधी ठरवावी लागते, आणि आपल्यासाठी वेगळे पैसे पडतात हे कळलं की आई त्याही आधी नाही म्हणते. हा कॉलम एक्सेलमध्ये कुठे टाकायचा?

मग नवीच का नाही? कारण आमच्या बजेटमध्ये, म्हणजे आठ लाखांत, नवीन गाडी छोटी येते. जुनी क्रिस्टा पाहिली. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली, पण मागणी कित्येक लाखांनी जास्त. क्रिस्टाची रिसेल हा घेणाऱ्याच्या खिशाला बसणारा फटका असतो, हे विकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हेक्साचं उलटं. बंद झाली म्हणून लोक घाबरतात आणि म्हणून ती परवडते.

ती भीती कितपत खरी, हे मी आमच्या मेकॅनिकला विचारलं. "ताई, इंजिन सफारी स्टॉर्मच्या घरातलं आहे, त्याची काळजी नको. पण हेडलाइट, बंपर, काचा, आतलं प्लॅस्टिक हे फक्त हिचंच. कुणी मागून ठोकलं तर टेललाइटसाठी थांबायला लागेल." सगळा फंडा इथेच आहे बघा. मॉडेल बंद झालं म्हणून सगळे पार्ट गायब होत नाहीत. जे दुसऱ्या गाड्यांमध्येही बसतात ते मिळत राहतात, जे फक्त त्याच मॉडेलचे असतात त्यांची शोधाशोध. स्टॉर्म आपल्या लष्करानेही घेतली होती, २०१७ मध्ये तब्बल ३,१९२ गाड्यांची ऑर्डर. त्यामुळे मला इंजिनपेक्षा टेललाइटचं टेन्शन जास्त! म्हणूनच अपघात झालेली हेक्सा कितीही स्वस्त मिळाली तरी बघायचीच नाही, हे ठरवून टाकलं.

कुठलं व्हेरिएंट, यावर घरात दोन आठवडे चर्चा. एक्सएमला १६ इंची चाकं, म्हणजे टायर स्वस्त, पण एअरबॅग दोनच. एक्सटीला १९ इंची चाकं, टायर बदलताना डोळे पांढरे होणार, पण एअरबॅग सहा आणि गाडी घसरू नये म्हणून ईएसपीसुद्धा. घरातली सगळी पिढ्यानपिढ्यांची माणसं एकाच डब्यात भरणार असाल तर यात विचार कसला करायचा? एक्सटी. तीही शक्यतो सहा सीटची, मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली, कारण तिसऱ्या रांगेत जायला मधून वाट मिळते. शेवटच्या रांगेत मी आणि लेक. सगळ्या सीट वापरात असल्या की डिकीत सहा जणांच्या बॅगा मावत नाहीत हे मात्र ध्यानात ठेवा. टपावर कॅरिअर लागणारच.

पहिली हेक्सा एका डीलरकडे पाहिली. २०१८ ची ऑटोमॅटिक, आरशासारखी चकचकीत, मीटरवर ४८ हजार. "साहेब नाही आले का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. साहेब ऑफिसात होते, चेकबुक माझ्याकडे होतं. स्टिअरिंगचं लेदर घासून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली, ४८ हजारांत एवढं? गाडीचा नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला चौकशी केली. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत किलोमीटर होते ६१ हजार! म्हणजे गाडी दोन वर्षं रिव्हर्समध्ये धावली असणार. मीटर मागे नेलेला असतो हे ऐकून होते, आता कागदावर पाहिलं. तुम्हीही सर्व्हिसचा इतिहास मागितल्याशिवाय टोकन देऊ नका.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचेही फोन आले. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध घातले, तेव्हापासून तिथल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत येत आल्या आहेत. पण एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, नंबर बदला, या सगळ्यात स्वस्ताई संपते. पास.

दुसरी गाडी कोथरूडच्या एका काकांची. २०१७ ची एक्सटी, मॅन्युअल, सहा सीटची, ९२ हजार किलोमीटर आणि पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती फाइलमध्ये लावलेली. ४८ हजारांच्या चकचकीत गाडीपेक्षा ही ९२ हजारांची मला जास्त खरी वाटली. मेकॅनिकने गाडी थंड असताना सुरू करून पाहिली, खाली झोपून चॅसीचा गंज तपासला, चढावर क्लच ताणून बघितला. निकाल : क्लच वर्षभरात बदलावा लागेल, टायर दोन. त्या हिशेबाने सव्वाआठ लाखांची मागणी सात साठवर आली. शहरात ॲव्हरेज नऊ-दहाचंच, हे काकांनी न विचारताच सांगून टाकलं.

तीन वेळा ट्रायल घेतली, पण खरी परीक्षा चालवण्याची नव्हतीच. दोन्ही घरच्या मोठ्यांना चढता-उतरता येतंय का, ही होती. सासरे हॅण्डल धरून आरामात चढले. आई दारातच अडकली. मांडीएवढी उंच सीट आणि तिचा गुडघा! शेवटी काकूंनी घरातून लाकडी पाट आणून दिला आणि आई एकदम आत. उतरताना म्हणाली, "पाट गाडीतच ठेवत जा." सुताराला चार बोटं जाड, रबर लावलेला पाट सांगितलाय.

घरी पार्किंगचा वेगळाच घोळ. गाडी पावणेपाच मीटरच्या वर लांब आणि दोन टनांहून जड. आमच्या सोसायटीच्या पझल पार्किंगवर दोन टनांची मर्यादा लिहिली आहे. तळमजल्यावरच्या एका शेजाऱ्यांशी जागा अदलाबदल केली, कमिटीकडून लेखी घेतलं. तुमच्याकडे लिफ्टचं पार्किंग असेल तर गाडी बघायला जाण्याआधी ती पाटी वाचा.

राहिली कागदपत्रं. नोंदणी २०३२ पर्यंत वैध. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती काकांनी बसवून घेतली होती. विमा नावावर करायला मालकी बदलल्यापासून चौदा दिवस मिळतात, पण नो-क्लेम बोनस काकांचाच राहतो. मग ॲपवर आरसी उघडली तर त्यावर अजून बँकेचं नाव! कर्ज २०२२ मध्येच फिटलंय, बोजा उतरवायचा राहून गेला. बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून उपयोग नाही. काका जरा खट्टू झाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. विश्वास आहे काका, म्हणूनच पंचवीस हजार टोकन दिलंय. बाकीचे सात लाख पस्तीस हजार बँकेचं पत्र आलं की.