अर्ध्या वाटेवरचे विद्यार्थी

गेल्या उन्हाळ्यांत माझी पुतणी चार आठवड्यांकरितां कॅलिफोर्नियाहून माहेरीं आली होती. बरोबर तिचा थोरला मुलगा होता. एके दिवशीं घरीं सत्यनारायण झाला, पंगत बसली, आणि जेवतां जेवतां माझ्या वडील आतेबहिणीनें त्या मुलास सहज विचारलें, "काय रे, कोणत्या युनिव्हर्सिटींत असतोस?" त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच आई घाईघाईनें म्हणाली, "आतां स्टेट युनिव्हर्सिटींतच आहे, आत्या." मुलगा मात्र हंसून म्हणाला, "आधीं दोन वर्षें कम्युनिटी कॉलेजांत होतों, आजी." पंगतींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. आपल्या समाजांत कॉलेजाचें नांव गोत्रासारखें विचारतात, आणि हें गोत्र कोणाच्याच परिचयाचें नव्हतें.

रात्रीं ओसरीवर पुतणी मला म्हणाली, "काका, तीन वर्षें मी हें इकडे कोणाला कळूं दिलें नाहीं. लोकांना वाटतें, मुलगा वायां गेला." तिच्या बोलण्यानें मी अस्वस्थ झालों. त्या मुलाकडून मीं सर्व प्रकार समजून घेतला, मागाहून त्या विषयावर जें वाचावयास मिळालें तें वाचलें, आणि आतां तें वाचकांपुढें ठेवीत आहें. आपल्यापैकीं कित्येकांचीं नातवंडें आज त्या देशांत वाढत आहेत. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

प्रथम कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय तें सांगतों. अमेरिकेंत पदवीचा अभ्यास साधारणतः चार वर्षांचा असून तो 'क्रेडिट' नांवाच्या मापानें मोजतात. आठवड्यास तीन तासांचा एक विषय सत्रभर शिकून विद्यार्थी उत्तीर्ण झाला, कीं बहुधा तीन क्रेडिटें त्याच्या पदरांत पडतात. अशीं सुमारें १२० क्रेडिटें झालीं म्हणजे पदवी. यांतील पहिलीं साठ, अर्थात् पहिलीं दोन वर्षें, शिकविणारें स्थानिक सार्वजनिक कॉलेज तें कम्युनिटी कॉलेज. अशीं सुमारें एक हजार कॉलेजें त्या देशांत आहेत. तेथें प्रवेशासाठीं बहुधा चढाओढ नसते, फी बरीच कमी असते, आणि दिवसां नोकरी करून सायंकाळीं शिकतां येतें. तेथून पुढील दोन वर्षांसाठीं विद्यापीठांत जाणें यास तिकडे 'ट्रान्स्फर' म्हणतात. आपल्याकडे पूर्वीं 'इंटर' एका गांवीं आणि बी. ए. दुसऱ्या गांवीं अशी तऱ्हा होती, तिची येथें आठवण होईल. परंतु आपल्याकडे इंटरची परीक्षा विद्यापीठच घेत असे. तिकडे या दोन संस्था बहुधा स्वतंत्र असतात. पुढील सर्व अनर्थाचें बीज याच भेदांत आहे.

या कल्पनेच्या जनकांपैकीं एक शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. यांनीं वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षीं येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक या चार भाषांतील अव्ययांची एक जात, जी नामाशीं जोडून येऊन संबंध दाखविते तिची तुलना! शब्दाशब्दांतील संबंध शोधणाऱ्या या पंडितानें पुढें विद्यालय व विद्यापीठ यांमधील दुवा शोधावा, यांत मला एक प्रकारचें औचित्य दिसतें. त्यांच्या प्रेरणेनें व जे. स्टॅन्ली ब्राऊन या शिक्षणाधिकाऱ्याच्या खटपटीनें १९०१ सालीं इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें असें पहिलें टिकाऊ सार्वजनिक कॉलेज निघालें. आरंभीं विद्यार्थी होते अवघे सहा. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या मंडळानें अशीं कॉलेजें देशभर काढावीं अशी शिफारस केली. १९६० सालीं कॅलिफोर्नियानें तर रीतसर योजनाच आंखली: शाळेंतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकीं वरच्या अष्टमांशास युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तृतीयांशास स्टेट कॉलेजें, आणि बाकी सर्वांस कम्युनिटी कॉलेजें, शिवाय या शेवटच्यांस योग्यता सिद्ध केल्यावर वर जाण्याची वाट मोकळी. योजना उदार होती यांत संशय नाहीं.

आतां त्या वाटेनें किती जण पैलतीरास पोंचतात तें पाहूं. या कॉलेजांत नव्यानें येणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ऐंशीजणांची चार वर्षांची पदवी मिळविण्याची इच्छा असते. २००७ सालीं दाखल झालेल्या सात लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा सहा वर्षें माग काढून एक अहवाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दर शंभरीं तेहतीसच विद्यार्थी विद्यापीठांत गेले, आणि अवघ्या चौदांच्या हातीं सहा वर्षांत पदवी आली. २०२४ सालच्या तशाच अहवालांत हे चौदा सोळांवर गेले आहेत. ऐंशी निघाले, सोळा पोंचले! कोणत्याही शिक्षकास झोंप येऊं नये असा हा हिशेब आहे.

यावर सर्वांच्या तोंडीं सहज येणारें उत्तर असें, कीं मुळांत मुलेंच कच्चीं. मलाही आधीं तसेंच वाटलें. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानें १९६० सालींच दाखविलें होतें कीं, या कॉलेजांतून कित्येकांची महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड केली जाते. 'हें तुला झेपणार नाहीं' असें स्पष्ट न म्हणतां सल्लागार त्यांस लहान अभ्यासक्रमाकडे वळवितात. पण जे वळत नाहींत, जे खरोखरीच विद्यापीठाच्या दारापर्यंत जातात, त्यांचें काय? मोनॅघन व अटेवेल या दोघां संशोधकांनीं २०१५ सालीं अशा विद्यार्थ्यांची तुलना आरंभापासून विद्यापीठांत असलेल्या, सारख्याच योग्यतेच्या व तितकीच मजल गांठलेल्या विद्यार्थ्यांशीं केली. निष्कर्ष असा निघाला कीं, दोघेही पदवीपर्यंत सारख्याच प्रमाणांत पोंचतात. मग दोष बुद्धीचा कसा म्हणावा?

याच दोघांनीं खरी मेख दाखवून दिली. विद्यापीठांत जातांना विद्यार्थ्याचीं पूर्वीचीं क्रेडिटें तेथें मान्य व्हावीं लागतात. शंभरांपैकीं अठ्ठावन्नजणांचीं बहुतेक सर्व क्रेडिटें मान्य झालीं. पण चौदाजणांचीं जवळजवळ सर्व बुडालीं, म्हणजे त्यांस पुन्हां श्रीगणेशा काढावा लागला. ज्यांचीं क्रेडिटें टिकलीं त्यांस पदवी मिळण्याचा संभव पुष्कळच अधिक होता. २०१७ सालीं अमेरिकन सरकारच्या हिशेब-तपासणी कचेरीनेंही कॉलेज बदलणाऱ्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांचा अंदाज काढला. तो सरासरीनें शेंकडा त्रेचाळीस क्रेडिटें वायां गेल्याचा होता. सार्वजनिक कॉलेजाहून सार्वजनिक विद्यापीठांत जाणाऱ्यांचें नुकसान याहून बरेंच कमी होतें. पण नुकसान होतेंच.

हें बुडणें नेहमीं सरळ नकारानें होतें असेंही नाहीं. पुष्कळदां विद्यापीठ विषय मान्य करतें, परंतु 'ऐच्छिक' म्हणून. पदवीस आवश्यक असलेल्या विषयाच्या जागीं तो धरीत नाहीं. कागदावर क्रेडिटें दिसतात, अभ्यास मात्र पुन्हां करावा लागतो. व्याकरणांत दोन शब्दांचा संधि होतांना एखाद्या वर्णाचा लोप होतो, पण तो नियमानें होतो, आणि तो नियम विद्यार्थ्यास आधीं ठाऊक असतो. येथें लोप होतो आणि नियम दाराशीं गेल्यावर कळतो. तशांत नव्या ठिकाणीं पहिल्या सत्रांत गुण घसरतात. या घसरणीस जॉन हिल्स यांनीं १९६५ सालीं 'ट्रान्स्फर शॉक' असें नांव दिलें. बहुतेकांचे गुण पुढें सांवरतात. परंतु ज्याचा पैसा संपत आला आहे, जो रात्रपाळी करून शिकतो, त्यास सांवरण्यापुरती उसंत कोठची? वाढलेलें एक सत्र म्हणजे वाढलेली फी, आणि तेवढ्यानेंच कित्येकांचा धीर सुटतो.

आमच्या मुलाचेंही तेंच झालें. त्याचा विषय इंजिनिअरिंगचा. दोन विषय पुन्हां करावे लागले, सहा महिने वाढले, आणि पहिल्या सत्रांत गुण पाहून तो घरीं येऊन रडला. त्याच्या पाठीशीं आईबाप होते म्हणून तो टिकला. त्याच्याच बरोबर गेलेला, गणितांत त्याच्याहून हुशार असा एक सोबती मात्र सोडून गेला. तो गोदामांत रात्रीं काम करी आणि घरीं पैसे देई. "आजोबा, त्याला कोणी नापास केलें नाहीं," मुलगा म्हणाला, "तो यावयाचाच बंद झाला."

हें ऐकून मला माझेंच जुनें दुखणें आठवलें. १९७४ सालीं मॅट्रिक झाल्यावर मीं चार वर्षें एका पाठशाळेंत व्याकरण व काव्य यांचें अध्ययन केलें. पुढें बी. ए. व्हावें म्हणून एका कॉलेजांत चौकशीस गेलों. कारकुनानें माझीं प्रमाणपत्रें पाहिलीं, परत माझ्या हातीं दिलीं, आणि अकरावीपासून आरंभ करावा लागेल असें सांगितलें. तो सभ्यपणें बोलला. त्याच्या नियमांत ती चार वर्षें बसतच नव्हतीं. घरीं वडील नव्हते, धाकटीं भावंडें होतीं. मी अध्यापनाची पदविका घेऊन शाळेंत लागलों आणि मॅट्रिकच राहिलों. लोकांच्या दृष्टीनें माझें शिक्षण सुटलें. मी मात्र दुसऱ्या दिवशीं पहाटेही नेहमींप्रमाणें कौमुदी उघडून बसलों होतों.

अशा विद्यार्थ्यांस आपण 'गळती' म्हणतों. शब्द बरोबर आहे, त्याचा अर्थ मात्र आपण उलटा करतों. घागर गळते तेव्हां पाण्यास कोणी बोल लावीत नाहीं. चीर कोठें आहे तें पाहतात. तिकडेही कांहीं ठिकाणीं चीर बुजविण्याचा यत्न चालू आहे. फ्लॉरिडांत सार्वजनिक संस्थांतील समान विषयांस १९७० नंतरच्या दशकापासून एकच क्रमांक असतो, त्यामुळें एका ठिकाणचा विषय दुसरीकडे ओळखूं येतो. कॅलिफोर्नियांत २०१० च्या कायद्यानें ठराविक पदविका पुरी करणाऱ्यास स्टेट युनिव्हर्सिटींत जागा व उरलेला अभ्यास साठ क्रेडिटांचाच, अशी हमी दिली. सर्व विषय मात्र तींत आले नाहींत. व्हर्जिनियांत नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज व जॉर्ज मेसन विद्यापीठ यांनीं २०१८ पासून अशी सोय केली आहे कीं, विद्यार्थ्यास पहिल्या दिवसापासूनच दोन्ही संस्थांचा मार्गदर्शक मिळावा. न्यूयॉर्क शहरांत २००७ सालीं निघालेल्या योजनेंत पूर्ण वेळ शिकणाऱ्यास फीची तूट, पुस्तकें, प्रवासाचा पास व नित्य भेटणारा सल्लागार एवढें मिळतें. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेंत, योजनेबाहेरचे शेंकडा बावीस विद्यार्थी तीन वर्षांत दोन-वर्षी पदविका पुरी करूं शकले, तर योजनेंतले चाळीस. बुद्धि तीच, भोंवतालची व्यवस्था तेवढी बदलली.

आपल्या देशांतही २०२० च्या शैक्षणिक धोरणानें क्रेडिटांची पेढी काढली आहे. पेढी चांगली, पण हुंडी वटविणारा दुसऱ्या गांवीं पाहिजे, नाहीं तर कागद हातांतच राहतो. हें आपल्या कुलगुरूंनीं लक्षांत घ्यावें.

गृहस्थांस माझें सांगणें थोडकें आहे. ज्यांचें मूल तिकडे या वाटेनें जात असेल त्यांनीं लाजूं नये. पहिल्याच सत्रांत, पुढें जावयाचें विद्यापीठ व विषय ठरवून, कोणता विषय तेथें कशाच्या जागीं धरतील हें लेखी विचारून घ्यावें. आणि पहिल्या सत्राचे गुण पाहून त्याला बोलूं नये.

पुतणी परत निघाली त्या दिवशीं मीं आतेबहिणीस हें सर्व सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि मुलाच्या हातावर दहीं घालतांना म्हणाली, "दोन्ही कॉलेजांचीं नांवें मला लिहून दे रे. कोणी विचारलें तर दोन्ही सांगेन."