आकडेवारीचे तक्ते आणि सोयीच्या जोडकळा

ग्रामपंचायतीची करमागणी, शाळेचा पट, प्राथमिक आरोग्य केंद्राची लसीकरणाची नोंद, पावसाची दैनंदिन मोजणी ही सर्व माहिती आता कागदी नोंदवहीबरोबरच संगणकावरील तक्त्यांत भरली जाते. धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत या तक्त्यांचे महत्त्व काहीसे अधिक आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा चार जिल्ह्यांची निवड झाली. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपदा, वित्तीय समावेशन व कौशल्य विकास आणि मूलभूत सुविधा या पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती मोजण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली. परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या आठ तालुक्यांतून वर येणारा आकडा ज्या हातांनी भरला जातो, त्या हातांची सवय हा म्हणूनच प्रशासनाच्याही आस्थेचा विषय ठरतो.

संगणकावर एखादी क्रिया माऊसने यादी उघडून करता येते, तशीच ती दोन किंवा तीन कळा एकत्र दाबूनही करता येते. या दुसऱ्या प्रकाराला शॉर्टकट म्हणतात. आपण त्याला जोडकळ म्हणू. कंट्रोल व सी या कळांनी मजकुराची नक्कल होते, कंट्रोल व व्ही यांनी ती नव्या जागी उतरते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मानाने या जोडकळा आपल्या कामाप्रमाणे बदलून घेता येतात, किंवा ज्या क्रियेला जोडकळच नाही तिला ती नव्याने देता येते, ही गोष्ट फारशी परिचित नाही.

एक नेहमीचे उदाहरण

ग्रामपंचायतीच्या नमुना ९ मधील कर मागणी नोंदवही घ्यावी. मागील थकबाकी, चालू मागणी, एकूण, वसुली आणि शिल्लक असे तिचे सर्वसाधारण रकाने असतात. संगणकावर शिल्लक रकान्यात आकडा लिहिलेला नसतो. तेथे ‘एकूण वजा वसुली’ असे सूत्र असते व उत्तर आपोआप दिसते. आर्थिक वर्ष संपले की हीच शिल्लक नव्या वर्षाच्या तक्त्यात मागील थकबाकी म्हणून न्यावी लागते. येथे नेहमीच्या जोडकळांनी नक्कल केली तर आकड्याऐवजी सूत्र उतरते आणि ते नव्या जागेच्या अनुषंगाने शेजारचे वेगळेच रकाने वाचू लागते. कधी चुकीचे चिन्ह उमटते. ते बरे, कारण चूक निदान डोळ्यांना दिसते. परंतु कधी सूत्राला योगायोगाने दुसरे आकडे सापडतात आणि खरा वाटावा असा खोटा आकडा तयार होतो. मग ज्याने घरपट्टी पूर्ण भरली त्याच्या नावे थकबाकी निघते, आणि ती त्याला समजते ती मागणीचे बिल हाती पडल्यावर!

यावरील उपाय म्हणजे सूत्र वगळून केवळ मूल्य उतरविणे. ही सोय प्रत्येक तक्ता-प्रणालीत आहे. परंतु तिचा मार्ग सर्वत्र सारखा नाही. कंट्रोल, शिफ्ट व व्ही या तीन कळा गूगल शीट्समध्ये व एक्सेलच्या अलीकडील आवृत्तीत केवळ मूल्य उतरवितात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये त्याच कळांनी पर्यायांची एक चौकट उघडते. जुन्या एक्सेलमध्ये मात्र ही सोय या कळांवर नाही. पंचायतीत एक प्रणाली, शाळेत दुसरी आणि तालुक्याला तिसरी असेल तर बोटांची गफलत होणे स्वाभाविक आहे. जोडकळ स्वतः नेमण्याचा खरा उपयोग येथे आहे. वेग वाढतो हा त्याचा दुय्यम लाभ मानावा.

नेमणूक कशी करावी

लिब्रेऑफिस ही विनामूल्य व मुक्त प्रणाली असून या बाबतीत ती सर्वांत उदार आहे. कॅल्क उघडून टूल्स या यादीतील कस्टमाइझ हा पर्याय निवडावा व कीबोर्ड या पानावर जावे. तेथे वरच्या भागात कळांची यादी असते व खाली क्रियांची. नेमणूक संपूर्ण लिब्रेऑफिससाठी हवी की केवळ कॅल्कसाठी, हे प्रथम ठरवावे. तक्त्याच्या कामासाठी दुसरा पर्याय योग्य. मग मोकळी कळ निवडावी, खालून केवळ संख्या उतरविण्याची क्रिया शोधावी आणि नेमणुकीचे बटण दाबावे. यादीत फिक्या दिसणाऱ्या कळा प्रणालीने राखून ठेवलेल्या असतात, त्यांना हात लागत नाही. त्याच पानावर केलेली रचना फाइलमध्ये जतन करण्याची, दुसऱ्या संगणकावर ती भरून घेण्याची आणि रचना मूळ पदावर आणण्याची बटणे आहेत.

एक्सेलची रीत निराळी आहे. त्याच कंपनीच्या वर्डमध्ये जोडकळा बदलता येतात, पण विंडोजवरील एक्सेलमध्ये अंगभूत जोडकळा बदलण्यासाठी अशी थेट चौकट नाही. याला एक गमतीदार अपवाद आहे. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या वैयक्तिक संगणकावरील पहिल्या प्रसिद्ध तक्ता-प्रणालीत आज्ञांची यादी तिरप्या रेघेच्या कळीने उघडत असे. १९८३ च्या लोटस वन-टू-थ्रीने तीच कळ ठेवली, आणि लोटसचे वापरकर्ते आपल्याकडे वळावेत म्हणून एक्सेलनेही तिला मान दिला. आजही एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत आरंभीच तिरपी रेघ टाइप केली तर ती न उमटता वर यादीची अक्षरे दिसू लागतात. ही एक कळ मात्र पर्यायांच्या प्रगत भागातून बदलता येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीचे ओझे संगणकही वाहतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

एरवी एक्सेलमध्ये दोन मार्ग उरतात. पहिला, हवी ती आज्ञा क्विक ॲक्सेस टूलबारवर ठेवणे. आज्ञेवर माऊसचे उजवे बटण दाबले की हा पर्याय मिळतो, आणि पट्टीवरील तिच्या क्रमांकानुसार ऑल्ट व १, ऑल्ट व २ अशा जोडकळा आपोआप मिळतात. दुसरा मार्ग मॅक्रोचा, म्हणजे क्रियांची साखळी एकदा नोंदवून तिला कंट्रोल व एखादे अक्षर जोडण्याचा. हा मार्ग आकर्षक असला तरी सार्वजनिक नोंदींच्या कामात जपून वापरावा. मॅक्रोला दिलेले अक्षर, ती फाइल उघडी असेपर्यंत, त्या अक्षराचे मूळ काम झाकून टाकते. कंट्रोल व एस मॅक्रोला दिले तर जतन करण्याची सवयीची कळ गेली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मॅक्रोने तक्त्यात केलेला बदल कंट्रोल व झेड दाबून मागे घेता येत नाही. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून एक्सेल स्वतःहून रोखते. त्यामुळे जिल्ह्याहून ई-मेलने पाठविलेली मॅक्रोयुक्त फाइल तालुक्याला चालेलच असे नाही. टूलबारचा मार्ग साधा आहे आणि आमच्या मते पंचायत व शाळा यांना तोच पुरेसा आहे.

मॅक्रोची एक मोहात पाडणारी जागा जिल्ह्याच्या नामांतराने निर्माण केली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले आणि जुने नाव बदलण्याचे काम अनेक तक्त्यांत करावे लागले. शोधा व बदला ही क्रिया कंट्रोल व एच यांनी मिळते. ती एकाच कळीवर बसवून सर्व फाइलींवर फिरविणे सोपे दिसते; पण नोंदणीकृत संस्थांच्या नावांत, जुन्या आदेशांच्या संदर्भांत आणि बँक खात्यांच्या तपशिलांत आलेले जुने नावही त्याबरोबर बदलून जाते. अशा कामात प्रत्येक ठिकाण पाहून होकार देण्याची संथ रीतच उपयोगी.

मराठी कळफलकाचा प्रश्न

मराठीत काम करणाऱ्याला एक जादा अडचण असते. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांची बोटे रेमिंग्टन रचनेची असतात, तर १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट रचना निराळी आहे. दोन भाषांत ये-जा करण्यासाठी विंडोजमध्ये ऑल्ट व शिफ्ट या कळा वापरात असतात. म्हणून या दोन कळांवर आधारलेली जोडकळ नेमू नये. कंट्रोल व ऑल्ट यांची जोडीही टाळलेली बरी, कारण उजवीकडील ऑल्ट कळ काही भारतीय रचनांत जादा अक्षरांसाठी वापरली जाते आणि विंडोज तिला कंट्रोल व ऑल्ट असेच समजते. देवनागरी अंक भरले असतील तर प्रणालीने ते संख्या म्हणून स्वीकारले की मजकूर म्हणून, हे बेरीज करून पाहावे. मजकूर ठरलेला अंक साधारणतः चौकटीत डावीकडे सरकतो आणि बेरजेत धरला जात नाही.

कार्यभार देताना

कॅल्कमधील जोडकळा व एक्सेलमधील टूलबार तक्त्याच्या फाइलीत राहत नाहीत. त्या संगणकावरील त्या-त्या वापरकर्त्याच्या खात्यात राहतात. पंचायतीच्या किंवा शाळेच्या संगणकावर अनेकदा एकाच खात्यातून सर्वजण काम करतात. तेथे एकाने केलेली नेमणूक सर्वांना लागू होते. बदलून आलेला कर्मचारी आपल्या सवयीची कळ दाबतो आणि भलतीच क्रिया घडते. यासाठी नेमणुका चार-पाचांपेक्षा अधिक नसाव्यात आणि अंगभूत परिचित कळांना धक्का न लावता मोकळ्या कळाच घ्याव्यात. पुसणे, ओळी काढणे व क्रम लावणे या क्रियांना एका बोटाच्या अंतरावर आणू नये. कोणती कळ कशासाठी, याचा कागद संगणकाजवळ लावावा. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत जेथे शिक्के, पावती पुस्तके व नोंदवह्या लिहिल्या जातात, तेथेच जोडकळांच्या जतन केलेल्या फाइलीचे नाव व ती कोठे ठेवली आहे हेही लिहावे. नव्या कर्मचाऱ्याला ती रचना नको असेल तर कॅल्कमध्ये रचना पूर्ववत करणारे बटण त्याच पानावर आहे.