प्लेऑफचा टक्का कुठून येतो? आणि धोनीचं काय होणार, हे ॲपला का कळत नाही?

आयपीएलचा शेवटचा आठवडा आला की चंद्रपूरच्या चहाटपरीपासून अहेरीच्या बस स्टँडपर्यंत दोनच वाद रंगतात. आपली टीम प्लेऑफला जाते का? आणि माही पुढच्या वर्षी खेळतो का? वाद चढला की कोणीतरी मोबाइल पुढे करतो, "हे बघ, ॲप ७० टक्के दाखवतंय!" आणि बाकीचे गप्प बसतात. गप्प बसायचं काही कारण नाही. हा टक्का कसा निघतो ते एकदा कळलं की वाद उलट चांगला घालता येतो.

आधी एक खरी मॅच घेऊ. १८ मे २०२४, बंगळुरू विरुद्ध चेन्नई. बंगळुरूने २० ओव्हरमध्ये २१८ केले. चेन्नईला जिंकायला २१९ हवे होते, पण प्लेऑफसाठी २०१ पुरेसे होते. म्हणजे १७ रनांनी हरले तरी ते पुढे जाणार आणि १८ रनांनी हरले की घरी. शेवटच्या ओव्हरमध्ये १७ हवे होते, समोर धोनी. यश दयालच्या पहिल्या बॉलवर ११० मीटरचा सिक्स, दुसऱ्या बॉलवर आउट. पुढच्या चार बॉलमध्ये एकच रन आला. चेन्नई १९१ वर थांबली, २७ रनांनी हरली.

हा १८ चा आकडा आला कुठून? नेट रन रेटमधून. सीझनभर आपण केलेले एकूण रन भागिले आपल्या एकूण ओव्हर, त्यातून समोरच्यांनी आपल्याविरुद्ध केलेले एकूण रन भागिले त्यांच्या ओव्हर वजा करायचं. टीम ऑल आउट झाली तर तिच्या पूर्ण २० ओव्हर धरतात, १४ ओव्हरमध्ये गारद झाली असली तरी.

त्या मॅचआधी दोघांच्या १३-१३ मॅच झाल्या होत्या. चेन्नई +०.५२८, बंगळुरू +०.३८७. अठरा रनांचा फरक म्हणजे ओव्हरमागे ०.९. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा:

चेन्नई: (०.५२८ × १३ − ०.९) ÷ १४ = ०.४२६
बंगळुरू: (०.३८७ × १३ + ०.९) ÷ १४ = ०.४२४

जवळपास बरोबरी! आपण इथे सोपी सरासरी घेतली, खऱ्या सूत्रात सगळ्या मॅचचे रन आणि ओव्हर एकत्र करून भागतात, त्यामुळे तिसऱ्या दशांशात थोडा फरक पडतो आणि १८ वर पारडं बंगळुरूकडे झुकतं. शेवटी टेबलवर बंगळुरू +०.४५९ आणि चेन्नई +०.३९२, दोघांचे १४ पॉइंट.

एवढ्यापर्यंत नुसती बेरीज-वजाबाकी आहे, अंदाज कुठेच नाही. टक्का लागतो तो मॅच बाकी असताना. समजा लीगच्या १० मॅच उरल्यात. प्रत्येकीचे दोन निकाल, म्हणजे एकूण १,०२४ शक्यता. कॉम्प्युटर त्या सगळ्या तपासू शकतो. २० मॅच उरल्या तर शक्यता होतात १०,४८,५७६, आणि त्यात किती रनांनी जिंकले हे घातलं तर मोजदादच संपली. म्हणून प्रोग्राम वेगळी युक्ती करतो. उरलेला सीझन तो स्वतःच खोटा-खोटा खेळतो. प्रत्येक मॅचला नाणं उडवतो, टेबल बनवतो, पहिले चार लिहून ठेवतो. मग पुन्हा पहिल्यापासून. असं दहा हजार वेळा. त्यातल्या सात हजार वेळा तुमची टीम पहिल्या चारात आली की स्क्रीनवर ७० टक्के. या पद्धतीला मॉन्टे कार्लो सिम्युलेशन म्हणतात. नाव मोनॅकोमधल्या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या भागावरून पडलंय, आणि माझ्या मते ते अगदी शोभतं.

खरी गोम नाण्यात आहे. ते सरळ आहे की एका बाजूला जड? काही जण प्रत्येक मॅच ५०-५० धरतात. काही जण मागच्या निकालांवरून टीमला रेटिंग देतात, कोणी घरचं मैदानही धरतं. म्हणून एकाच रात्री दोन ॲप दोन वेगळे टक्के दाखवतात. त्यात मुख्य बॉलर जखमी झाल्याची बातमी प्रोग्रामला कोणी सांगितली नसेल, तर ती त्याला माहीतच नसते.

टक्का कमी म्हणजे अशक्य, असंही नाही. २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने पहिल्या पाचपैकी एकच मॅच जिंकली होती. शेवटी त्यांचे आठ विजय झाले आणि ते चौथ्या नंबरवर राहून प्लेऑफला गेले. म्हणजे उरलेल्या नऊपैकी सात जिंकल्या. सरळ नाणं धरलं तर नऊपैकी सात किंवा जास्त जिंकायची शक्यता ५१२ मध्ये ४६, म्हणजे साधारण ९ टक्के. म्हणजे तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा आली तर सरासरी अकरा वेळांत एकदा असं होतं.

आता माहीचा प्रश्न. इथे सिम्युलेशन का चालत नाही? एक तर आकडे फार थोडे आहेत. २०२४ मध्ये धोनीने ७३ बॉलमध्ये १६१ केले, स्ट्राइक रेट २२०. ७३ बॉल म्हणजे जेमतेम १२ ओव्हर. त्यातल्या चार बॉलमध्ये २० रन एकट्या वानखेडेवर मुंबईविरुद्ध आले होते. ते चार बॉल बाजूला काढा, स्ट्राइक रेट २०४ वर येतो. पुढच्या सीझनला १४५ बॉलमध्ये १९६, म्हणजे १३५. मग हा खेळाडू २२० चा की १३५ चा? एवढ्या कमी बॉलवरून ठाम बोलणारा माणूस तुम्हाला गुंडाळतोय. दुसरं, निवृत्ती ही उडवायची नाण्याची बाजू नाही. ऑपरेशन झालेला गुडघा, टीमची गरज, घरचं मत, नियम. आता नियमच बघा ना. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय मॅच न खेळलेल्या भारतीयाला अनकॅप्ड धरायचं ठरलं आणि चेन्नईने २०२५ साठी धोनीला ४ कोटींत ठेवून घेतलं. १८ मेच्या त्या रात्री अर्ध्या देशाने त्याला निरोप देऊन टाकला होता. हा नियम कोणत्या प्रोग्रामने आधी धरला असता?

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. वसीम जाफरने मार्च २०१८ मध्ये इराणी कपमध्ये विदर्भाकडून २८६ केले, वय ४०. पुढच्या रणजी सीझनला हजारावर रन काढले आणि विदर्भ सलग दुसऱ्यांदा चॅम्पियन झाला. वयाचा सरासरी आलेख घेऊन बसलेल्या कोणीही ते आधी लिहिलं नसतं. म्हणून धोनीवर तुम्ही मनसोक्त भांडा, फक्त त्याला 'डेटा' म्हणू नका.

हे सगळं सांगायचं कारण पैसा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला आणि ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. पण टेलिग्रामवर 'एआयची पक्की टीप' विकणारे चॅनेल तुम्हाला अजून दिसतील. त्यांचा एक जुना डाव असा. ८०० जणांना मेसेज जातो, अर्ध्यांना 'चेन्नई जिंकणार', अर्ध्यांना 'हरणार'. ज्या ४०० ना बरोबर टीप गेली त्यांनाच दुसरी, पुन्हा अर्धी-अर्धी. मग २००. तिसऱ्या मॅचनंतर १०० जण असे उरतात ज्यांच्या मोबाइलवर तिन्ही टिप्स खऱ्या ठरल्या. चौथ्या टिपेला फी मागतात, आणि त्या शंभरांना वाटतं, याच्याकडे काहीतरी आहे बुवा. त्याच्याकडे फक्त ८०० नंबर असतात.

त्यापेक्षा स्वतःच करून बघा. गूगल शीट्स मोबाइलवर फुकट आहे आणि एकदा ऑफलाइन ठेवलेली शीट भामरागडकडे रेंज गेली तरी चालते. उरलेल्या मॅच एका कॉलममध्ये लिहा, शेजारी रँड फंक्शन टाका. ते ० ते १ मधला आकडा देतं. ०.५ पेक्षा कमी आला तर पहिली टीम जिंकली, नाहीतर दुसरी. एखादी टीम भारी वाटते? तिच्यासाठी ०.५ च्या जागी ०.६ ठेवा, आणि मग टपरीवर त्या ०.६ वरून वाद घाला. नेट रन रेट काढताना एक सांभाळा. स्कोअरकार्डवर १८.३ ओव्हर लिहिलं असेल तर शीटमध्ये १८.५ टाकायचं, कारण तीन बॉल म्हणजे अर्धी ओव्हर.