सूक्ष्मनलिका-छेदक विकरे

सूक्ष्मनलिका-छेदक विकरे ही पेशीतील सूक्ष्मनलिका मध्येच तोडणारी प्रथिने होत. कॅटॅनिन, स्पॅस्टिन व फिजेटिन ही त्यांतील प्रमुख. कॅटॅनिन १९९३ मध्ये समुद्री साळूच्या अंड्यांतून वेगळे करण्यात आले; त्याचे नाव ‘कताना’ या जपानी तलवारीवरून पडले.

सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी असते. तिची भिंत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या जोड्यांनी रचलेली असते. प्रत्येक ट्युब्युलिनचे लवचीक शेपूट नळीबाहेर लोंबते आणि ग्लुटामिक आम्लाच्या विपुलतेमुळे त्यावर ऋण विद्युतभार असतो.

तलवारीचे नाव मात्र काहीसे फसवे आहे, कारण या विकरांना पाते नसते. त्यांचा सुटा घटक छेदन करू शकत नाही. एटीपी जोडला गेल्यावर असे सहा घटक एकत्र येऊन वलय बनते आणि त्याच्या मध्यभागी छिद्र तयार होते. छिद्राच्या आतील धनभारित भाग ट्युब्युलिनचे शेपूट पकडतो व एटीपीच्या ऊर्जेवर ते आत खेचतो. खेच वाढली की ट्युब्युलिन भिंतीतून उपटले जाते, जशी भिंतीतून वीट निखळावी. ट्युब्युलिनची स्वतःची साखळी तुटत नसल्याने ते नव्या नळीसाठी पुन्हा उपयोगी पडते. शेपटाला जोडलेल्या जादा ग्लुटामेटांची संख्या वाढली की स्पॅस्टिनचे काम आधी वेग घेते, पण ती फार वाढल्यास मंदावते.

या रचनेतील लहानसा दोषही महागात पडतो. स्पॅस्टिनच्या जनुकातील उत्परिवर्तने आनुवंशिक स्पॅस्टिक पॅराप्लेजिया या विकाराचे सर्वाधिक आढळणारे कारण आहेत. त्यांतील अनेक बदल एटीपीची जागा, घटकांमधील सांधे किंवा मधले छिद्र बिघडवतात. त्यात पायांचे स्नायू ताठर होत जाऊन चालणे अवघड होते. मेंदूपासून कण्यात खोलवर जाणारे लांब चेतातंतू प्रथम बाधित होतात.

वनस्पतींतही कॅटॅनिन असते. पेशीभित्तिकेतील सेल्युलोजचे धागे सूक्ष्मनलिकांच्या दिशेने विणले जातात. ही दिशा विस्कटली तर पेशी लांबत नाही. भंडारा-गोंदियाच्या शेतांत पिकणाऱ्या धानाच्या प्रजातीतच याचे उदाहरण सापडले आहे. २००५ मध्ये वर्णिलेल्या भाताच्या एका उत्परिवर्तित वाणात कॅटॅनिनसदृश प्रथिन सदोष असल्याने रोप खुजे राहते. आयआर-८ सारख्या बुटक्या जातींत जिबरेलिन या संप्रेरकाची उणीव असते. या रोपात मात्र जिबरेलिन घडवणारी जनुके उलट अधिक सक्रिय आढळली.