यंत्रमानवांची लगोरी

'रोबो' हा शब्द आता आमच्या घरांतून इतका रुळला आहे की, तो आला कोठून हे मुले विचारीनाशी झाली आहेत. झेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर पसरला. चापेकला तो सुचविला त्याच्या चित्रकार बंधूने. मूळ झेक शब्दाचा अर्थ वेठ. म्हणजे आमच्याकडील वेठबिगार आणि हा यंत्रमानव अर्थाने सख्खे भाऊच होत. मौज अशी की, सांप्रत ज्या घरी हा वेठबिगार जन्मास येतो, त्या घरी वेठीस राबत असतो तो त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा कर्ता! माजघरात तारांची जाळी, जेवणघरापर्यंत सोल्डरिंगचा वास, आणि आजीबाईंचा पाट कोणत्या कामी लागला आहे याची कोणास दाद नाही. वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : याचे गुण मिळतात काय?

गुण मिळत नाहीत. एवढेच नव्हे, तर यंत्र कसेबसे चालू लागताच चिरंजीवांस ते चार लोकांत मिरविण्याची घाई होते, आणि तेथेच वडीलधाऱ्यांचे मन विटते. आमचे मत उलट आहे. या छंदात मिरविणे हीच खरी परीक्षा होय.

सर्वांत साधे यंत्र घ्या. रेघ धरून चालणारी गाडी बहुतेक मुले प्रथम करतात. तिच्या पोटाखाली अवरक्त किरण टाकणारे दोन बारीक दिवे व ते किरण टिपणारे दोन डोळे असतात. पांढरी जमीन किरण परत पाठविते, काळी रेघ ते गिळून टाकते. डाव्या डोळ्यास काळोख दिसला की गाडी डावीकडे कलावयाची, उजव्यास दिसला की उजवीकडे. युक्ती एवढीच. घरच्या फरशीवर गाडी निमूट चालते. तीच प्रदर्शनाच्या दालनात नेली, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली, की सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांनी डोळे दिपून गाडी भलत्याच दिशेस भरकटते. बॅटरी उतरली तर चाकांचा वेग बदलतो व वळणाचा सारा हिशेब चुकतो. परक्या जमिनीवर, परक्या उजेडात, पाहुण्यांच्या देखत यंत्र चालले, तरच ते चालले असे म्हणावे. आईने टाळ्या वाजविल्या हा पुरावा नव्हे.

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयाची तर आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील नभोवाणी-दूरदर्शन संस्थांच्या संघाने २००२ साली टोकियोत सुरू केलेल्या 'रोबोकॉन' स्पर्धेकडे पाहावे. देशोदेशींचे महाविद्यालयीन विद्यार्थी आपापली यंत्रे घेऊन तेथे उतरतात. दरवर्षी यजमान देश आपल्या परंपरेतील एखादा खेळ वा कल्पना विषय म्हणून देतो. २००८ साली हा मान पुण्यास मिळाला, आणि विषय ठरला गोविंदा! दहीहंडीचे लोणी यंत्रांनी मिळवावयाचे. जिंकले मात्र चीनचे विद्यार्थी.

२०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्यास आली. या वेळचा विषय आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावा असा होता. एक यंत्र पालक, दुसरे बालक. पालकाने बालकास बागेत न्यावयाचे, तेथे सी-सॉ, खांबांवरून चालणे, झोपाळा अशा क्रीडा उरकून शेवटी सांगाड्यावर चढवावयाचे. सर्व पार पडले की विजयाची आरोळी 'शाबास!' नियमांतील खोच अशी की, पालक-यंत्रास माणसाने चालविण्याची मुभा होती, पण बालक-यंत्राने आपले काम आपण होऊन करावयाचे.   त्या वर्षीचे 'शाबास' व्हिएतनामच्या चमूने पटकाविले. मुलाच्या हातून तार काढून घेऊन 'थांब, मी करून देतो' म्हणणाऱ्या काकांनी हा नियम नजरेखालून घालावा अशी आमची नम्र सूचना आहे.

२०२२ साली नवी दिल्लीत तर साक्षात लगोरी अवतरली. एका यंत्राने चेंडू मारून पाच चकत्यांचा ढीग पाडावयाचा, त्याच्याच जोडीदाराने तो पुन्हा रचावयाचा, आणि या रचणाऱ्याच्या डोक्यावरचा चेंडू प्रतिपक्षाने नेम धरून उडवावयाचा. अंगणात सात वर्षांची पोर जे हसतखेळत करते, ते यंत्राकडून करविताना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस महिनोन् महिने खपावे लागते. पडलेली चकती नेमकी कोठे पडली, एवढे हेरणे हेच केवढे काम! आपली मुलगी किती हुशार आहे हे आम्हांस लगोरीच्या त्या यंत्रांनी पटवून दिले.

परंतु पुणे-दिल्लीच्या गोष्टी झाल्या. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावच्या मुलाने काय करावे? पुणे तेथून रात्रभराच्या वाटेवर. कसब नाही म्हणावे, तर ज्वारीच्या धांड्यांची गाडी-बैल करणारी मुले खानदेशात थोडी नाहीत. चाक, आस, जू यांचा मेळ त्यांच्या बोटांस ठाऊक असतो. उणीव असते ती सामानाची आणि प्रेक्षकांची. नीती आयोगाने २०१६ सालापासून निवडक शाळांस 'अटल टिंकरिंग लॅब' दिल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रत्येक शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य, ही लहानसहान रक्कम नव्हे. पण सामान कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असा प्रकार झाल्यास त्या वीस लाखांचा उपयोग शून्य. ज्या गावी अशी शाळा नाही, तेथे पहिल्या गाडीस दोन लहान मोटारी, दोन डोळे, एक बॅटरी व एक नियंत्रक-पट्टी पुरे होते. शहरातील आप्ताने दिवाळीस येताना फटाक्यांऐवजी हे आणावे.

आणि पाहणारे हवेतच. ओटीच्या स्वच्छ, फिक्या फरशीवर काळी चिकटपट्टी लावून द्यावी, वळणे फार तीव्र ठेवू नयेत, शेजारपाजारच्यांस बोलवावे. मात्र बोलवावे ते दिवे लागल्यावर, उन्हाची तिरीप ओसरल्यानंतर. दुसऱ्या खेपेस भर दुपारी.