प्रायमरीतली भांडणे: पक्ष खरेच फुटतो का?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी नव्हे, तर राज्याराज्यांतले मतदार प्रायमरी निवडणुकांतून ठरवतात. लढत अटीतटीची झाली की ‘आता पक्ष फुटणार’ असे भाकीत दर वेळी होते. त्यामागचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: हरलेल्याचे चिडलेले समर्थक विरोधी पक्षाला मत देतात.

वस्तुस्थिती: मार्च २००८मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत ऐन भरात होती. ओबामा उमेदवार झाले तर रिपब्लिकन मॅकेनना मत देऊ, असे हिलरींच्या २८ टक्के समर्थकांनी गॅलपच्या पाहणीत सांगितले. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलनुसार मॅकेनकडे गेले साधारण १५ टक्के. ८० टक्क्यांहून अधिक ओबामांकडेच आले. राग खोटा नव्हता, पण मतदानापर्यंत बराचसा ओसरला.

गैरसमज २: लांबलेल्या प्रायमरीने पक्षाचे नुकसानच होते.

वस्तुस्थिती: फोर्ड (१९७६), कार्टर (१९८०) आणि थोरले बुश (१९९२) या विद्यमान अध्यक्षांना स्वपक्षातूनच आव्हान मिळाले आणि तिघेही पुढे हरले, हे खरे. पण अध्यक्ष आधीच कमकुवत असला की आव्हान देणाऱ्याला बळ येते. त्यामुळे पराभवाचे सारे खापर प्रायमरीवर फोडता येत नाही. उलट उदाहरण इंडियानाचे. एरवी तिथली प्रायमरी येईपर्यंत उमेदवार ठरलेला असे. २००८मध्ये लढत लांबल्याने ओबामा आणि हिलरी या दोघांनाही तिथे कार्यकर्ते जमवावे लागले, नव्या मतदारांची नोंदणी करावी लागली. ती प्रायमरी ओबामा थोडक्यात हरले. पण नोव्हेंबरमध्ये हे राज्य त्यांनी जिंकले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला तिथे १९६४नंतर प्रथमच यश मिळाले.

गैरसमज ३: २०१६मध्ये सँडर्स समर्थकांनी पक्षाला दगा दिला.

वस्तुस्थिती: त्या वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी बर्नी सँडर्स हिलरींविरुद्ध लढले आणि हरले. प्रायमरीत सँडर्सना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोक नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन ट्रम्पकडे गेले, असे एका मोठ्या विद्यापीठीय सर्वेक्षणात दिसले. म्हणजे गळती २००८पेक्षा जास्त नव्हती. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियात मिळून ट्रम्प यांचे मताधिक्य ७८ हजारांहून कमी होते, म्हणून ती डोळ्यांत भरली. शिवाय या मतदारांतले अनेक जण मुळात डेमोक्रॅट नव्हतेच. ओबामांच्या कारभारावरही ते नाराज होते. बऱ्याच राज्यांत पक्षाबाहेरच्या मतदारालाही प्रायमरीत मत देता येते. जी निष्ठा नव्हतीच, ती मोडली असे कसे म्हणणार?

गैरसमज ४: निकाल लागला की एकी आपोआप होते.

वस्तुस्थिती: कायदा थोडा हात देतो. आपल्याकडे तिकीट कापले की बंडखोर अपक्ष अर्ज भरतो; तिथे बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच जागेसाठी पुन्हा उभे राहता येत नाही. बाकी काम नेत्यांचे. २००८मध्ये शेवटच्या प्रायमरीनंतर चारच दिवसांत, ७ जूनला, हिलरींनी ओबामांना पाठिंबा दिला; पक्षाच्या डेन्व्हरमधील अधिवेशनात ओबामांची उमेदवारी एकमुखाने जाहीर करण्याचा प्रस्तावही त्यांनीच मांडला. २०१६मध्ये सँडर्स यांचा हिलरींना पाठिंबा शेवटच्या प्रायमरीनंतर चार आठवड्यांनी, १२ जुलैला आला.

तेव्हा ‘इतके टक्के समर्थक पक्ष सोडणार’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन गोष्टी पाहा: पाहणी कोणत्या महिन्यातली आहे, आणि ते मतदार मुळात त्या पक्षाचे होते का.